सरांनाही लाल कार्ड मिळते!

फुटबॉलचा सामना पाहताना आपले डोळे चेंडूमागे धावतात. ते साहजिकच आहे. पण थोडा वेळ चेंडू सोडून मैदानाच्या कडेला पाहावे. राखीव पोरे बाकावर बसलेली असतात आणि त्यांच्यापुढे एक माणूस उभा असतो. तो काही केल्या बसत नाही. चेंडू आपल्या पोरांकडे आला की त्याचा एक पाय रेषेच्या आत जातो. शिट्टी मनाविरुद्ध वाजली की दोन्ही हात आभाळाकडे जातात, आणि मग तोंडही सुटते. हा संघाचा प्रशिक्षक. शाळेचा संघ असेल तर खेळाचे सर.

आता शिट्टी घेऊन उभा असलेला पंच पाहा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सामन्यात तो पुष्कळदा अठरा-वीस वर्षांचा पोरगा असतो. कालपरवापर्यंत तोच अशा एखाद्या सरांच्या हाताखाली खेळत होता. सर ओरडले की मान खाली घालायची, ही त्याची शाळेपासूनची सवय. त्याने या सरांना काय सांगायचे आणि कोणत्या तोंडाने? सांगितलेले ऐकले नाही तर पुढे काय? हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. फुटबॉलच्या नियमपुस्तकात त्याचे उत्तर आहे, आणि ज्यांची मुले-मुली शाळेच्या संघात खेळतात अशा आई-वडिलांनी ते जाणून घ्यायला हवे.

जालना जिल्हा तसा फुटबॉलचा जिल्हा नव्हे. इथे कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट. २०१४ साली १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकात भारताचा कर्णधार असलेला विजय झोल जालन्याचाच. फुटबॉल आपल्याकडे येतो तो शाळेच्या फाटकातून, क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धांच्या आणि सुब्रोतो मुखर्जी चषकाच्या निमित्ताने. १९६० साली सुरू झालेल्या या चषकात शाळांचे संघ जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत दिल्लीपर्यंत जातात. खालच्या पायरीचे सामने ऐन पावसाळ्यात येतात. काळ्या मातीत बूट रुततात आणि फक्कीने आखलेल्या रेषा पहिल्याच सरीत धुऊन जातात. ज्या घरातला बाप रोलिंग मिलमध्ये पाळी करतो, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, त्या घरातल्या पोराच्या वाट्याला वर्षातून असे दोन-तीनच सामने येतात. तो सामना कडेवरच्या माणसाच्या रागापायी बिघडला तर नुकसान त्या पोराचेच होते.

असा राग केवळ तालुक्याच्या मैदानावर येतो असेही नाही. भारताच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकालाही तो आला होता, आणि एका आठवड्यात दोनदा आला होता.

२०२३ च्या जून महिन्यात बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा भरली होती. २१ जूनला भारत आणि पाकिस्तान समोरासमोर आले. सुनील छेत्रीच्या दोन गोलांमुळे भारत २-० ने पुढे होता आणि पूर्वार्ध संपत आला होता. चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला. पाकिस्तानचा खेळाडू तो हातात घेऊन आत फेकणार, तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या इगोर स्टिमाच यांनी त्याच्या हातातला चेंडू उडवून लावला. आपल्या खेळाडूला धक्का बसला होता आणि पंचांनी तो दिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. झाले! दोन्हीकडचे खेळाडू धावून आले, ढकलाढकली झाली, आणि पंचांनी भारताच्या प्रशिक्षकाला लाल कार्ड दाखवले.

हे स्टिमाच कोणी नवखे नव्हेत. १९९८ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवणाऱ्या क्रोएशियाच्या संघात ते खेळलेले. भारत २-० ने पुढे, घरचे मैदान, घरचे प्रेक्षक. कशाची कमतरता होती? तरी हात पुढे गेला. सामना भारताने ४-० असा जिंकला, पण उत्तरार्धात प्रशिक्षक बाकावर नव्हते आणि पुढच्या नेपाळविरुद्धच्या सामन्यातही नव्हते. माझ्या पोरांसाठी गरज पडली तर पुन्हा असेच करीन, अशा अर्थाचे त्यांनी दुसऱ्या दिवशी जाहीरपणे लिहिले. पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला मात्र तो शूरपणा वाटला नाही. पोरांसाठी लढायचे तर कडेवर हजर राहावे लागते. बाहेर गेलेला माणूस काय लढणार?

आणि खरोखर पुन्हा तसेच झाले. २७ जूनला कुवेतविरुद्ध ते बाकावर परतले. पंचांशी हुज्जत घालून आधी पिवळे कार्ड ओढवून घेतले, मग दुसरे, आणि दोन पिवळ्यांचे लाल झाले. तेव्हाही भारत १-० ने पुढे होता. अगदी शेवटी आपल्याच खेळाडूकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. स्पर्धेच्या शिस्तपालन समितीने स्टिमाच यांना दोन सामन्यांची बंदी आणि ५०० डॉलर दंड केला. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामने गेले.

मग संघ कोणी सांभाळला? महेश गवळी यांनी. गोव्याचा हा माणूस, डेम्पो क्लबकडून आणि भारताकडून अनेक वर्षे बचावफळीत खेळलेला, त्या वेळी सहायक प्रशिक्षक होता. नेपाळला २-० ने हरवले तेव्हा बाकावर गवळी. १ जुलैला लेबनॉनविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टीवर ४-२ ने जिंकले तेव्हाही गवळीच. ४ जुलैच्या अंतिम सामन्यात कुवेतशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टीवर ५-४ ने भारताने नववे सॅफ विजेतेपद मिळवले, त्या दिवशीही गवळीच. वर्तमानपत्रांत मोठी अक्षरे स्टिमाच यांना मिळाली. गवळींचे नाव आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात राहिले असेल?

आता या प्रकरणात नियम काय सांगतो ते पाहू.

मैदानाच्या कडेला संघाच्या बाकाभोवती एक जागा ठरलेली असते. तिला तांत्रिक क्षेत्र म्हणतात, आपण प्रशिक्षकाची चौकट म्हणू. बाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर, आणि पुढे मैदानाच्या रेषेपासून एक मीटर अलीकडेपर्यंत. या चौकटीतून खेळाडूंना डावपेचाच्या सूचना द्यायची मुभा आहे, पण एका वेळी एकानेच. सर, उपसर आणि क्लार्क असे तिघे मिळून ओरडायचे, हे नियमात बसत नाही. जुन्या काळी तर कडेवरून सूचना देणे हेच नियमाबाहेरचे होते. सामना खेळाडूंचा, शिकवायचे ते आधी शिकवा, अशी त्यामागची समजूत. १९९० च्या दशकात ही बंदी सैल झाली आणि चौकट आली. म्हणजे बोलण्याची मोकळीक आणि उभे राहण्याची मर्यादा या दोन गोष्टी जोडीनेच आल्या. प्रशिक्षकांना मोकळीक तेवढी आठवते.

मर्यादा मोडली की लगेच लाल कार्ड, असे नाही. नियमपुस्तकाने तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिली ताकीद, दुसरी पिवळे कार्ड, तिसरी लाल. चुकून चौकटीबाहेर पाऊल गेले, एखाद्या निर्णयावर नाराजीचा शब्द निघाला, सहायक पंचाची सूचना ऐकली नाही, तर ताकीद. वारंवार आणि उघडपणे चौकटीबाहेर येत राहिले, बाटली आपटली, पंचाला चिडवण्यासाठी मुद्दाम टाळ्या वाजवल्या, समोरच्या खेळाडूला कार्ड दाखवा म्हणून सारखे हातवारे केले, तर पिवळे. चौकट सोडून पंचाच्या अंगावर वाद घालायला गेले, मैदानात वस्तू फेकली, शिवी दिली, हात उगारला, तर थेट लाल. मध्यंतराला किंवा सामना संपल्यावर पंचाला जाब विचारायला मैदानात घुसले तरी लालच. २०२२ च्या कतार विश्वचषकात दक्षिण कोरियाचे प्रशिक्षक पाउलो बेंतो यांना घानाविरुद्धचा सामना संपल्यावरच लाल कार्ड मिळाले. शेवटचा कॉर्नर घेऊ दिला नाही म्हणून ते पंचांवर धावले होते. पुढच्या सामन्यात त्यांच्या संघाने पोर्तुगालला २-१ ने हरवले, तो विजय त्यांना गॅलरीत बसून पाहावा लागला.

यात एक बारकावा फार बोलका आहे. आपल्याच संघाने खेळ सुरू करायचा आणि प्रशिक्षकाने वेळकाढूपणा केला तर पिवळे कार्ड. समोरच्या संघाने खेळ सुरू करायचा आणि प्रशिक्षकाने चेंडू धरून ठेवला, लाथाडला किंवा खेळाडूच्या आडवा आला तर लाल. स्टिमाच यांनी केले ते हेच. एखाद्या खेळाडूने समोरच्यांचा खेळ असा अडवला तर त्याला साधारणपणे पिवळ्यावरच सोडतात. मग प्रशिक्षकाला जास्त शिक्षा का? खेळाडू धावतो, दमतो, त्याच्या पायात चेंडू असतो, तावातावात त्याच्याकडून काही घडू शकते. प्रशिक्षकाचा चेंडूशी संबंधच नाही. त्याने चेंडूला हात लावायला कारणच नाही. शिवाय त्याला पाहून अकरा पोरे वागतात. आम्हाला हा फरक योग्य वाटतो.

पंचांनी पुढे खेळ कसा सुरू केला हेही पाहण्यासारखे असते. चेंडू खेळात नसताना गुन्हा घडला तर खेळ जसा सुरू होणार होता तसाच सुरू होतो. बंगळूरला चेंडू अजून फेकलेला नव्हता, म्हणून फेक पाकिस्तानचीच राहिली. पण चेंडू खेळात असताना प्रशिक्षकाने आत येऊन तो अडवला, तर समोरच्या संघाला थेट फ्री किक मिळते, आणि तो प्रकार त्याच्याच संघाच्या पेनल्टी क्षेत्रात घडला तर पेनल्टी. कडेवरच्या माणसाचा पाय पोरांना एका गोलाला पडू शकतो! २०२५ साली यात थोडी माणुसकी आली. चेंडू बाहेर जातच होता आणि कोणाला अडवायचा हेतू नसताना घाईने तो उचलला, तर आता फक्त अप्रत्यक्ष फ्री किक, कार्ड नाही. चेंडू लवकर परत देऊ पाहणाऱ्या भल्या माणसाला आधीच्या नियमाचा उगाच फटका बसत असे.

कार्डांचा इतिहास बहुतेकांना ठाऊक नसतो. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात पंचाने कोणाला काय ताकीद दिली हेच नीट कळले नाही, भाषेचा घोळ झाला. केन ॲस्टन नावाचे इंग्रज पंच पेशाने शाळामास्तर. रस्त्यावरचा सिग्नल पाहून त्यांना पिवळ्या आणि लाल कार्डाची कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे आली. भाषा न येणाऱ्यालाही कळणारी भाषा! पण ही भाषा खेळाडूंपुरतीच राहिली. प्रशिक्षकाला पंच तोंडी सांगत, बाहेर जा म्हणत. त्यात वाद, विनवण्या, मी असे म्हणालोच नाही, हे सगळे चाले. नियमपुस्तकाप्रमाणे प्रशिक्षकालाही पिवळे आणि लाल कार्ड दाखवायला सुरुवात झाली ती १ जून २०१९ पासून.

हा बदल करताना नियम करणाऱ्या मंडळाने जी कारणे दिली त्यातले एक आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. प्रयोगात असे दिसले की वयाने मोठ्या, अवघड प्रशिक्षकांना तोंड देताना तरुण पंचांना कार्डाचा विशेष उपयोग होतो. लेखाच्या सुरुवातीला जो पोरगा शिट्टी घेऊन उभा आहे त्याच्यासाठीच जणू हे लिहिले आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या सरांना, ज्यांच्यापुढे गावात कोणी मोठ्याने बोलत नाही त्यांना, "तुम्ही चुकलात" असे म्हणणे अठरा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर येत नाही. त्यातून तो मजुराचा मुलगा असला आणि सर बड्या संस्थेचे असले तर आणखीनच नाही. कार्ड दाखवायला जीभ लागत नाही. हात वर केला की झाले. तो हात त्याचा एकट्याचा नसतो, मागे पुस्तक उभे असते.

मोठ्या सामन्यात पंचाच्या मदतीला चौथा पंच असतो. १९९१ पासून तो नियमात आहे. दोन्ही बाकांवर लक्ष ठेवायचे आणि कोणी मर्यादा सोडली तर मुख्य पंचाला कळवायचे, हे त्याच्या कामांपैकी एक. तालुक्याच्या मैदानावर चौथा पंच कुठून आणणार? कधी कधी तर दोन निशाणवालेच कसेबसे मिळतात. म्हणून बाकाच्या बाजूने धावणाऱ्या सहायक पंचावर ही जबाबदारी येते. त्याने सामना सुरू होण्याआधीच दोन्ही सरांना नमस्कार करून चौकट दाखवून ठेवली, तर निम्मे भांडण तिथेच मिटते. बाकाची जागा नसेल तर फक्कीने चार रेघा ओढाव्यात. दोन मूठ फक्कीचे काम आहे, पण रेघ दिसत नसेल तर ती ओलांडल्याचा वाद मिटत नाही.

अनुभवी पंचांची रीत सांगतो. खेळ थांबला की पंच शांतपणे चालत बाकाकडे जातो, धावत नाही. बोट दाखवत नाही. दोन वाक्ये बोलतो आणि परत फिरतो. सरांचे उत्तर ऐकत उभा राहत नाही, कारण तिथे उभा राहिला की सभा भरते. दुसऱ्यांदा कार्ड हातात असते. कार्ड सर्वांना दिसेल असे, पण सरांच्या तोंडावर न नाचवता. लाल कार्ड मिळालेल्या सरांनी चौकट आणि मैदानालगतचा परिसर सोडायचा असतो. बाकामागच्या कुंपणाला टेकून पुन्हा ओरडायचे, ही पळवाट चालत नाही. ते जाईनात तर पंच खेळ थांबवू शकतो, अगदीच नाइलाज झाला तर सामना रद्द करू शकतो. आणि सामन्यानंतर लेखी अहवाल. काय घडले, कितव्या मिनिटाला, नेमके कोणते शब्द. पुढची शिक्षा स्पर्धेची समिती त्या अहवालावर ठरवते. त्यामुळे "सर खूप बोलले" असा अहवाल काही कामाचा नाही.

बाकावरून शिवी आली, पण दिली कोणी ते कळले नाही, तर? पाच-सहा तोंडे एका रांगेत, सगळी निरागस. अशा वेळी नियम सांगतो की चौकटीत हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला कार्ड दाखवावे. हे अन्यायाचे आहे असे काही जण म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. वर्गात गोंधळ झाला तर मुख्याध्यापक मास्तरांनाच बोलावतात. आणखी एक सवलत मात्र माणसाचा जीव पाहून ठेवली आहे. बाहेर काढण्याजोगा गुन्हा संघाच्या डॉक्टरने केला आणि दुसरा कोणी वैद्यकीय माणूस नसेल, तर कार्ड मिळूनही तो थांबू शकतो आणि जखमी खेळाडूला पाहू शकतो.

आता सगळ्यात मोठा गुन्हा, पोरांना मैदानाबाहेर घेऊन जाणे. ३ मार्च २०२३ रोजी त्याच कंठीरवा स्टेडियमवर बंगळूर आणि केरळ ब्लास्टर्स यांचा इंडियन सुपर लीगमधला बाद फेरीचा सामना होता. जादा वेळेत सुनील छेत्रीने झटकन फ्री किक मारली. ब्लास्टर्सचा गोलरक्षक सावरला नव्हता, भिंत लागली नव्हती. पंचांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपल्या खेळाडूंना बोलावले आणि संघ निघून गेला. सामना बंगळूरला मिळाला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने क्लबला ४ कोटी रुपये दंड केला, प्रशिक्षकाला १० सामन्यांची बंदी आणि ५ लाख रुपये दंड केला, आणि जाहीर माफी मागायला सांगितले. तो गोल बरोबर की चूक, यावर लोक अजून भांडतात. पण गोल शंभर टक्के चूक होता असे धरले तरी मैदान सोडल्याने तो पुसला गेला नाही. उरलेल्या वेळात बरोबरी साधायची संधी तेवढी गेली. शाळेच्या संघाला कोणी चार कोटींचा दंड करणार नाही हे खरे. तिथे पोरांचे वर्ष जाते.

याच्या उलटही घडले आहे, म्हणजे दांडग्या माणसापुढे पंच वाकला असे. १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकात फ्रान्सने कुवेतविरुद्ध गोल केला. गॅलरीतून कोणीतरी शिट्टी वाजवली म्हणून आम्ही थांबलो, असे कुवेतचे खेळाडू म्हणाले. तेव्हा कुवेतच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शेख फहद, तिथल्या राजघराण्यातले, गॅलरीतून उतरून सरळ मैदानात आले. आणि पंचांनी दिलेला गोल मागे घेतला! फ्रान्स ४-१ ने जिंकला म्हणून प्रकरण निभावले. पण प्रतिष्ठित माणूस रेषा ओलांडून आला की निर्णय बदलतो, हे साऱ्या जगाने पाहिले. आपल्याकडे मैदानाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची खुर्ची रेषेला चिकटून मांडतात आणि ते मध्येच पंचाला हाक मारतात. शेख फहद फार लांब नाहीत.

शिवीगाळीबद्दल आपल्या वाचकांसाठी थोडे वेगळे सांगणे भाग आहे. मैदानावर राग आला की काही जणांच्या तोंडी पंचाची किंवा समोरच्या पोराची जात येते. फुटबॉलच्या नियमात अपमानास्पद बोलण्याला सरळ लाल कार्ड आहे. वंश, रंग, धर्म, कुळ अशा कारणांवरून कोणाला हिणवले तर जागतिक महासंघाच्या शिस्तसंहितेत किमान दहा सामन्यांची बंदी आहे. पण जातीवाचक शिवी लाल कार्डावर संपत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याप्रमाणे, लोकांच्या नजरेसमोर असलेल्या ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अनुसूचित जाती-जमातीत न मोडणाऱ्याने जातीवरून शिवी देणे हा गुन्हा आहे. २०१६ च्या २६ जानेवारीपासून लागू झालेल्या दुरुस्तीत तो अधिक स्पष्ट झाला. सामन्याचे मैदान लोकांच्या नजरेसमोर नाही तर काय? अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून हे संरक्षण त्यांनाही आहे. अशा वेळी पंचाने आपल्या अहवालात तेच शब्द जसेच्या तसे लिहावेत, ऐकणाऱ्या दोघा-तिघांची नावे घ्यावीत. समितीपुढचा अहवाल आणि पोलीस ठाण्यातली फिर्याद या दोन वेगळ्या वाटा आहेत, एकीने दुसरी बंद होत नाही. पंचाचा निर्णय चुकला एवढ्यावरून मात्र हा कायदा आठवू नये. तो निर्णयाच्या वादासाठी केलेला नाही.

आणि आपण पालक? आपल्यासाठी कार्ड नाही. पंच प्रेक्षकाला पिवळे दाखवू शकत नाही, तो संयोजकांना सांगतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर खेळ थांबवतो. सरांच्या पाठीमागे उभे राहून "सर, सोडू नका त्याला" म्हणणारा बाप सरांना चौकटीबाहेर ढकलत असतो. इंग्लंडमध्ये स्थानिक सामन्यांत पंचांना होणारा त्रास इतका वाढला की २०२३ साली काही भागांत पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहावे लागले. तिथेही पोरे कमी आणि मोठी माणसेच जास्त बिघडलेली. आपल्या मुलाने पुढे पंच व्हावे असे फार थोड्या घरांत वाटते, पण ही वाट वाईट नाही. लेखी परीक्षा द्यावी लागते, धावण्याची चाचणी द्यावी लागते, आणि खेळताना गुडघा गेला तरी मैदान सुटत नाही. महाराष्ट्रात हे काम मुंबईच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या अखत्यारीत येते. मुलींनाही ही वाट मोकळी आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. भारताच्या संघाला स्टिमाच गेले तर गवळी होते. शाळेच्या संघाबरोबर बहुधा एकच शिक्षक येतो. त्याला लाल कार्ड मिळाले तर फुटबॉलच्या नियमाप्रमाणे सामना चालू राहतो, पण सोळा पोरे बाकावर मोठ्या माणसाविना राहतात. पाणी कोणी द्यायचे, बदली खेळाडू कोणी पाठवायचा, कोणाचा पाय मुरगळला तर दवाखान्यात कोणी न्यायचे? म्हणून जिल्ह्याच्या सामन्याला जाण्याआधी शाळेत जाऊन विचारावे की संघाच्या यादीत दुसऱ्या कोणाचे नाव आहे. नसेल तर स्पर्धेच्या संयोजकांची परवानगी घेऊन एखादे शांत डोक्याचे पालक, दुसऱ्या बाई किंवा शाळेचा जुना खेळाडू यांचे नाव घालून घ्यावे. नावे द्यायची ती सामना सुरू होण्याआधी, शिट्टी वाजल्यावर कोणी ऐकून घेत नाही.